विमलची पुरवणी

अमेरिकेला निघाली विमल, आणि प्रवासवर्णन लिहितेय मी. तेही कुठलं, तर मिरज ते नेरुळ! शेजारच्या वकिलीणबाई म्हणाल्या, "अहो सुशीलाताई, लोक काश्मीरचं लिहितात, लंडनचं लिहितात. त्या नव्या मुंबईत काय मेलं बघायचंय?" मी विचारलं, तुम्ही गेलाय का कधी? नाही म्हणाल्या. मग झालं तर. जे गेले नाहीत त्यांच्यासाठीच लिहायचं असतं.

आधी विमल कोण ते सांगते. मिरजेच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघी सोळा वर्षं एका टेबलाशी बसलो. ती इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायची, मी इंग्रजी. ती रशियाची, मी अमेरिकेची. दोघींनीही यातला एकही देश डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. माझं कारण म्हणजे आमच्या मिशन हॉस्पिटलातल्या एक अमेरिकन डॉक्टरबाई. माझी आई बाळंतपणात हातची गेलीच होती, त्या बाईंनी उशाशी बसून तिला परत आणली. विमलचं कारण म्हणजे तिचा धाकटा भाऊ. मॅट्रिकला दोनदा आपटलेल्या त्या मुलाला भिलाईला कुणा रशियन इंजिनिअरनं हाताला धरून वेल्डिंग शिकवलं आणि माणसात आणलं. एवढ्या भांडवलावर आम्ही दोघींनी जग वाटून घेतलं होतं. मधल्या सुट्टीत डबे उघडले की आमचं शीतयुद्ध सुरू, आणि त्यातच माझी भाजी तिच्या पोळीवर आणि तिची चटणी माझ्या भाकरीवर.

एकाहत्तर साली अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडं निघालं, तेव्हा मला आठवडाभर स्टाफरूममध्ये मान वर करायची सोय राहिली नाही. विमलनं टोचून बोलायचं काही शिल्लक ठेवलं नाही. पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनात तिनं मुलींचा रशियन नाच बसवला. गावातल्या रशिया-मैत्री मंडळाची ती चिटणीस. मंडळाचा फलक थेट स्टेजवर लावला. आणि माझं डोकं फिरलं.

मी शिक्षणखात्याला पत्र लिहिलं. शाळेत राजकारणाचा प्रचार चाललाय, असा मजकूर. सही केली नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिलं आणि खाली 'एक हितचिंतक' असं टाकलं. मला वाटलं, थोडी समज देतील, हिची जरा जिरेल, संपलं. पण चौकशी आली. मुख्याध्यापिका व्हायची पाळी विमलची होती. तिला तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाखेवर पाठवलं आणि ती खुर्ची मला मिळाली. निवृत्त होईपर्यंत विमल सकाळच्या पहिल्या एसटीनं त्या खेड्याला जात राहिली. मी तोंड उघडलं नाही. हळूहळू आमचं येणंजाणं तुटलं. गावाला वाटलं, बायका रशिया-अमेरिकेवरून भांडल्या. मी तसंच वाटू दिलं.

नवरा गेल्यावर ती मुलाकडं, सुधीरकडं, नेरुळला राहायला गेली. एकोणनव्वदची दिवाळी झाली आणि तिचं आंतर्देशीय आलं.

"सुशे, नंदिनीला सातवा लागलाय. दोनदा हाती लागलं नाही, ते तुझ्या कानावर असेलच. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. जावई नोकरीवर, घरात दुसरं माणूस नाही. मला बाळंतपणाला जायचंय. पण व्हिसाच्या फॉर्मवर विचारलंय, कम्युनिस्टांच्या किंवा त्यांच्याशी संबंध असलेल्या संस्थेत कधी होता का? सुधीर म्हणतो, नाही लिही. मी चिटणीस होते, नाही कसं लिहू? हो लिहिलं तर सोडतील का? मी काय काय केलं ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. आणि माझं इंग्रजी तू जाणतेस. शुक्रवारी मुलाखत आहे. ये."

नंदिनी म्हणजे तिची मुलगी, माझ्या मांडीवर बसून ए बी सी डी शिकलेली. मला ना मूल ना बाळ. मी त्याच दिवशी एसटीचं रिझर्व्हेशन केलं. तिथं जाऊन खरं सांगायचं का नाही, ते मात्र ठरत नव्हतं.

मंगळवार

नेरुळ फाट्यावर उतरले तेव्हा उन्हं कलली होती. एकीकडं डोंगर, दुसरीकडून खाडीचा खारट वास आणि मधे नव्याकोऱ्या इमारती. झाडं माझ्या कमरेएवढी. आमच्या मिरजेत पत्ता सांगायचा तर दर्ग्यापासून सुरू करायचं, मग तंबोऱ्यांचं दुकान, मग कुणाचा तरी बोळ. इथं बोळ नाही, पेठ नाही. सेक्टर आणि नंबर, की झालं.

तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचं दार. दार उघडंच होतं. "विमल, आले गं!" म्हणत मी सरळ आत शिरले, चपला काढल्या, पिशवी टाकली आणि पंख्याखाली बसले. आतून एक तिशीची बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी घटाघटा प्यायले आणि मग भिंतीकडं लक्ष गेलं. बुद्धाची तसबीर, खाली निळ्या कापडावर ग्रंथांची रांग. अरे देवा! हे विमलचं घर नव्हे.

"मावशी, तुमची बिल्डिंग सात नंबर असंल. ही सतरा," ती हसत म्हणाली. "आठवड्याला एक तरी पाव्हणा चुकून येतोच बघा आमच्याकडं."

वाघमारे त्यांचं नाव. मूळचे नांदेडकडचे. मिस्टर बेलापूरला सरकारी कचेरीत कारकून. चहा घेतल्याशिवाय सोडीनात. टीव्हीवर बर्लिनची भिंत दाखवत होते. पोरं भिंतीवर चढून छिन्न्या मारतायत, बायका रडतायत, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडतायत. सबंध आठवडा तेच चाललं होतं.

"भिंत पाडली ते लई बेस केलं," वाघमारे म्हणाले. "पण मावशी, आमच्या गावाला भिंत नव्हतीच. तरी आमच्या आईला विहिरीवर जाता येत नव्हतं." मग म्हणाले, "इथं बिल्डिंगा सगळ्या सारख्या, हे एक बरं. चुकून का होईना, माणूस घरात येतं, पाणी पितं."

मी बशीतला चहा संपवला आणि अजून अर्धा कप मागून घेतला. नंतर ते स्वतः पिशवी उचलून मला सात नंबरला सोडायला आले.

विमल दारातच उभी होती. केस पांढरेशुभ्र, अंगानं वाळलेली. मला वाटलं, गळ्यात पडावं. तिला बहुधा वाटलं नसावं.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"तुमच्या सगळ्या इमारती सारख्या. मी सतरामध्ये जाऊन चहा पिऊन आले."

"समता म्हणतात त्याला."

"सुरू झालीस का!" मी म्हटलं, आणि दोघींनाही हसू आलं. मी आणलेले बेदाणे आणि गूळ तिनं वास घेऊन डब्यात भरले. सतरा वर्षांनी आम्ही एका ताटलीत पोहे खाल्ले.

बुधवार

सकाळी सुधीर फॉर्म घेऊन बसला. सुधीर न्हावा शेवाच्या नव्या बंदरावर सुपरवायझर आहे. पोरगा गुणी, पण बोलणं सगळं मुंबईचं झालंय.

"मावशी, तूच सांग हिला. एक 'नो' लिहायचाय. सगळे लिहितात. कोण मिरजेला जाऊन चेक करणारे? उगाच टेन्शन!"

"सदतीस वर्षं मी मुलींना सांगितलं, उत्तर येत नसलं तर कोरं सोडा पण खोटं लिहू नका," विमल म्हणाली. "आता मीच लिहू?"

"आई, इकडे ताईची कंडिशन काय, आणि तू तत्त्वाचं काय काढतेस?"

विमल उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ओट्याखाली अमेरिकेला न्यायची तयारी मांडलेली होती. बाळंतशेपा, आळीव, डिंक, सुंठ, जायफळ, बाळाला धुरी द्यायचा ओवा, मऊ जुन्या लुगड्यांची दुपटी. दुपट्यांना तिनं हातानं टीप घातली होती. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी असतं. माहेरच उठून सातासमुद्रापलीकडं जायचं, ही आता नवीन रीत पडतेय.

खारका फोडत बसलो आणि जगाचा विषय निघालाच.

"खूश असशील तू," ती म्हणाली. "तुझी अमेरिका जिंकली."

"मला काय त्यातलं वाटून मिळणारे?"

"तसं नाही गं. मी आयुष्यभर फळ्यावर दोन गोल काढले. हा एक गट, हा दुसरा गट, आणि मधे आपण, अलिप्त. आता यातला एक गोल पुसला गेला, तर आपण अलिप्त राहायचं ते कुणापासून?"

मला हसू आलं. पण तिचा चेहरा बघून आवरलं.

"आणि एकच उरला, तर त्याला अडवणार कोण?" ती म्हणाली.

"दोघं होते तेव्हा तरी कोण अडवत होतं? दोघं मिळून आपल्यासारख्यांच्याच अंगणात भांडत होते की."

"ते खरं," असं ती म्हणाली. इतक्या वर्षांत माझं एखादं वाक्य तिनं वाद न घालता मान्य करण्याची ही पहिलीच वेळ. मला उलट भीतीच वाटली.

सुधीर दारातून म्हणाला, "तुम्ही दोघी उगाच रशिया-अमेरिका करताय. पुढचं सगळं जपानचं. आणि चीनवर लक्ष ठेवा. आमच्याकडे कंटेनरला डबा म्हणतात. ज्याचे डबे जास्त, त्याचं राज्य. उद्या या पोर्टवर, दाखवतो."

गुरुवार

बेलापूर मागं पडलं, उरणकडचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंनी मिठागरं, मिठाचे पांढरे ढीग, मधेच भराव घालून बुजवलेली शेतं. चांगली लोंब्यांची भातशेती आणि तिच्या अंगावर मुरूम ओतलेला, हे बघायला बरं वाटत नाही.

बंदर नुकतं त्याच वर्षी सुरू झालेलं. सुधीरनं आमचे पास काढले. मी आजवर बंदर म्हणजे होड्या, गोणपाटं आणि हमाल समजत होते. इथं माणूस दिसतच नाही. दूरवर पसरलेला डांबरी माळ, त्यावर खोल्यांएवढे रंगीत लोखंडी डबे एकावर एक, आणि वरून चार मजली यारी येऊन डबा अलगद उचलून नेते. धक्क्याला दोन बोटी लागल्या होत्या. एकीच्या धुराड्यावर लाल पट्टा आणि त्यात विळा-हातोडा. तिच्यामागं दुसरी, तिच्यावर अमेरिकेतल्या शहराचं नाव. एकच यारी आधी हिचे डबे काढत होती, मग तिचे.

विमल पदर सावरत कितीतरी वेळ त्या विळा-हातोड्याकडं बघत राहिली. "रंग उडालाय गं," ती म्हणाली. मी तिचा हात धरला. तिनं काढून घेतला नाही.

सुधीर कामासाठी आत गेला आणि आम्ही फाटकाबाहेर रस्त्याखालच्या एका मोरीच्या कठड्यावर बसलो. तिथं न्हावा गावची एक म्हातारी पाटी घेऊन सुकट विकत होती. विमल शाळेची बाई ती शेवटपर्यंत बाईच. लगेच विचारपूस सुरू. बंदर झालं, तुमचं कसं काय?

"काय व्हनार गो बाय? शेती गेली, मिठागर गेला. पोरगा आत कामाला हाय, रोजानं," म्हातारी म्हणाली. "बोटी मोठाल्या येतान. कंच्या देशाच्या, ते आमाला काय ठाव? आमची जाली फाटतान, येवरं कलतं."

विमलनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. विमलनं सुकट घेतली. आमच्या दोघींत कोणी खात नाही. सुधीर खातो, हे मला तिथं कळलं.

म्हातारी उठून गेली. आणि मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"विमल, ते पत्र मी लिहिलं होतं."

"कुठलं पत्र?"

"शिक्षणखात्याचं. हितचिंतक म्हणून सही केलेलं. मी डाव्या हातानं लिहिलं."

ती वळली. मला वाटलं, ओरडेल. रडेल. मी तयार होते. पण ती अगदी हळू म्हणाली, "मला वाटलं, आपल्या शाळेच्या ड्रॉइंगमास्तरांनी."

"काय?"

"त्यांनी माझा फलक रंगवायला नकार दिला होता ना. मला वाटलं, हेच काम त्यांचं. सुशे, सोळा वर्षं मी त्या माणसाशी बोलले नाही. रस्त्यात दिसले की पलीकडच्या बाजूला जायची. गेल्या वर्षी ते वारले. मी भेटायलासुद्धा गेले नाही त्यांच्या घरी."

मी विमलचं नुकसान केलं, एवढंच मला माहीत होतं. हे दुसरं मला कधी ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, "विमल, मला..." पण पुढं काय म्हणणार? क्षमा हा शब्द फार लहान वाटला. ती उठली आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. परतीच्या बसमध्ये ती पुढं बसली, मी मागं. सुधीरला वाटलं, आम्ही दमलोय.

घरी आल्यावर मी पिशवी भरायला घेतली. आतून डिंक तळल्याचा वास येत होता. दारात जाऊन म्हटलं, "मी उद्या सकाळच्या गाडीनं निघते."

"खोबरं किसायचंय," ती पाठ न वळवता म्हणाली. "किसणी तिथं आहे."

मी बसले आणि किसायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पदरानं पुसत होते आणि किसत होते. खोबऱ्यात पाणी पडू देऊ नकोस, लाडू खवट होतील, असं तिनं बजावलं. मग म्हणाली, "मिरजेला गेल्यागेल्या मास्तरांच्या घरी जायचं. त्यांच्या बायकोला सगळं सांगायचं. तुझंही आणि माझंही."

"जाईन."

"आता हात धू आणि बाहेर ये. फॉर्म भरायचाय."

बाहेर सुधीर बसला होता. विमलनं फॉर्म पुढं ओढला, त्या प्रश्नापुढं 'हो' लिहिलं आणि शेजारच्या चिमुकल्या जागेत लिहिलं, 'जागा अपुरी, पुरवणी जोडली आहे.' मग फुलस्केप कागद घेतले, समास आखला, वर प्रश्न क्रमांक टाकला आणि मुद्दे काढून उत्तर लिहायला बसली.

"आई, हा व्हिसाचा फॉर्म आहे, एसएससीचा पेपर नाही!" सुधीर डोकं धरून म्हणाला.

"प्रश्न विचारलाय ना? मग उत्तर पुरतं दिलं पाहिजे."

चार पानं झाली. मंडळाची चिटणीस कधीपासून होते. महिन्यातून एकदा चादरीचा पडदा करून चित्रपट दाखवायचो. स्नेहसंमेलनात मुलींचा रशियन नाच बसवला. त्यात मधोमध नाचलेली मुलगी माझीच, नंदिनी, जी सध्या तुमच्याच देशात राहते. आणि शेवटचा मुद्दा असा होता, "गरिबाच्या मुलाला हाताला धरून शिकवणारा देश चांगला, असं मला वाटलं. अजून वाटतं. त्याच देशानं माणसं भिंतीआड कोंडली, हे मी मुलींना शिकवलं नाही. मला ते मानायचं नव्हतं. ती माझी चूक होती."

वाचता वाचता सवयीनं माझ्या हातात लाल पेन आलं आणि मी तिची इंग्रजी क्रियापदं दुरुस्त करून टाकली. मग सगळं पुन्हा कोऱ्या कागदावर उतरावं लागलं. पानांना भोक पाडून तिनं पांढरा दोरा ओवला, गाठ मारली. आणि उरलेला एक कागद माझ्यापुढं सरकवला.

"आता तू लिही माझ्याबद्दल. उजव्या हातानं," ती म्हणाली. "आणि खाली सही कर. पूर्ण नाव."

मी लिहिलं.

शुक्रवार

वाशीचा पूल ओलांडून टॅक्सीनं थेट मुंबई. मिरजेतून मुंबई म्हणजे मला नेहमी शेवटचं टोक वाटायचं. नेरुळला तीन दिवस राहिल्यावर ती पलीकडची वाटली. वकिलातीच्या फूटपाथवर सकाळपासून रांग. कुणी लेकाकडं चाललेलं, कुणी शिकायला, कुणाच्या हातात देवाचा अंगारा. बरोबरच्या माणसांना आत सोडत नाहीत. विमल आत गेली. आत जाताना तिनं दोऱ्याची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली.

मी समोरच्या झाडाखाली उभी राहिले. त्या तीन तासांत मी तिच्या रशियासकट सगळ्या देवांना नवस बोलले असेन.

दुपारी ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. "आधी बसू दे," म्हणाली. फूटपाथवर सँडविचवाला होता, त्याच्या स्टुलावर बसली आणि मग सांगितलं.

काचेमागं एक तिशीतला गोरा साहेब. त्यानं पुरवणी हातात धरली आणि विचारलं, हे काय आहे? मी फक्त हो किंवा नाही विचारलं होतं. विमल वर्गातल्यासारखी मोठ्यानं म्हणाली, "सर, प्रश्न लहान होता. उत्तर लहान नाही." त्यानं दोरा सोडला आणि चारही पानं वाचली. मग माझं पत्र वाचलं, आणि तिथं त्याला हसू आलं.

"काय लिहिलंयस तू त्यात?" विमलनं मला विचारलं. तिनं वाचलंच नव्हतं.

मी सांगितलं. मी लिहिलं होतं, "या बाईविरुद्ध मी एकदा चोरून तक्रार केली होती. आज उघडपणे शिफारस करते. तीस वर्षं मी तुमच्या देशावर न पाहता प्रेम केलं आणि तिनं दुसऱ्या देशावर न पाहता. आमच्यापैकी एकीला तरी एक देश बघू द्या."

विमलनं हातातलं सँडविच कागदावर ठेवलं. "म्हणून त्यानं विचारलं तर," ती म्हणाली. "ही बाई बाहेर उभी आहे का, म्हणाला. मी म्हटलं, आहे. तुम्ही अजून मैत्रिणी आहात का, म्हणाला."

"मग?"

"म्हटलं, ते अजून ठरायचंय."

मग त्यानं विचारलं, आमच्या देशात जाऊन काय करणार? बाळंतपणाला इंग्रजी शब्द विमलला सापडेना. तिनं सगळं करूनच दाखवलं. पायांवर बाळ कसं आडवं घ्यायचं, तेल कसं लावायचं, बाळंतिणीला शेक कसा द्यायचा. तीन महिने तिला झोपू द्यायचं, बाकी सगळं मी बघायचं. साहेब बघत राहिला. मग म्हणाला, आमचं बाळ झालं तेव्हा माझ्या बायकोजवळ कोणी नव्हतं. आणि पासपोर्ट बाजूला ठेवला. चार वाजता घेऊन जा, म्हणाला.

"शेवटी म्हणाला, हा प्रश्न आता फॉर्मवर फार दिवस राहणार नाही. जग बदलतंय. मी म्हटलं, प्रश्न काढा हवा तर. माझी पुरवणी मात्र फाइलीला लावून ठेवा." एवढं बोलून ती ढसाढसा रडायला लागली. सँडविचवाला घाबरला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यालाच म्हटलं, "अहो, व्हिसा मिळालाय. आजी होणारे ही." त्यानं दोघींना जास्तीची चटणी दिली.

शनिवार

फाट्यावर सोडायला ती एकटी आली. सुधीरला घरीच बस म्हणाली. रस्त्यापलीकडं पुलाचे खांब नुसतेच उभे होते. इथून पुढं आगगाडी जाईल म्हणतात. धूळ उडत होती. पुढच्या गुरुवारी तिचं विमान होतं.

मी म्हटलं, "विमल, मी जे केलं..."

"गप बस. मी तुला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "वेळ नाही मला आत्ता. लाडू बांधायचेत, दुपटी राहिलीत, नंदिनी वाट बघतेय. सहा महिन्यांनी येते. मिरजेला येऊन तुझ्याशी नीट भांडणारे मी. एकेका वर्षाचं. तोवर मरू नकोस."

"बरं," मी म्हटलं.

गाडी आली. तिनं खिडकीतून एक पुडी आत टाकली आणि वळून चालू पडली. पुडीत डिंकाचे दोन लाडू होते.

परत आल्यावर चौथ्या दिवशी मी ड्रॉइंगमास्तरांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला सगळं सांगितलं. त्या बाईनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "शेवटपर्यंत विचारत होते, विमलबाई बोलत का नाहीत म्हणून." तिनं मला चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं.

नंदिनीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. विमलचं निळं हवाई पत्र येतं. त्यात बाळाचं वजन असतं, बर्फ असतो, तिथल्या दुकानांतली उधळपट्टी असते. त्या विषयाचं एक अक्षर नसतं. ते तिनं राखून ठेवलंय.

मी रोज सकाळी तळ्यापर्यंत चालत जाते. गोड बंद केलंय. रक्तदाबाची गोळी एक दिवस चुकवत नाही. आमचे डॉक्टर म्हणतात, "सुशीलाताई, या वयात एकदम एवढी शिस्त कशी काय?" मी म्हणते, मे महिन्यात माझ्याशी भांडायला माणूस येणार आहे.